मोठा पॅटर्न सीएनसी राउटरवर करताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लहान शॉपमध्ये ८ बाय ४ फुटांचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारं मशीन) बसला, की काही महिन्यांत शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीकडून दीड-दोन मीटरच्या पॅटर्नची, म्हणजे ज्याभोवती वाळूचा साचा पाडतात त्या प्रतिकृतीची, विचारणा येते. लहान पॅटर्न जमलेले असतात, त्यामुळे हाही जमेल असं वाटतं. मग थ्रीडी फाइल थेट कॅममध्ये (टूलचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाते, टूलपाथ निघतो, एमडीएफ (लाकडी तंतूंचा दाबलेला बोर्ड) चिकटवला जातो आणि तिसऱ्या दिवशी कळतं की स्पिंडलचा टूल पकडणारा नट ठोकळ्याला घासतोय, किंवा दोन थर एकमेकांवर बसवले तर कडेला दीड मिलिमीटरची पायरी आहे.

मोठ्या कामात मशीन क्वचित चुकतं. चूक झालेली असते ती थर ठरवताना, शून्य कुठे धरायचा ते ठरवताना आणि अलाउन्सच्या (मापात धरायच्या वाढीच्या) क्रमात. म्हणून या लेखात टूलपाथपेक्षा त्याआधीच्या कामांवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरू: ग्रे आयर्नची गिअरबॉक्स हाउसिंग, कास्टिंगचं माप १८०० × ११०० × ६२० मिमी, मध्ये पार्टिंग लाईन (साचा जिथे दोन भागांत उघडतो ती रेषा), म्हणजे ३१० मिमी उंचीचे दोन अर्धे. राउटरचा बेड १३०० × २५०० मिमी. स्पिंडल पूर्ण वर असताना कोलेट नटापासून बेडवर बसवलेल्या एमडीएफपर्यंत २०० मिमी जागा.

टप्पा १: फाइल हातात आल्यावर आधी चार प्रश्न

कॅम उघडू नका. फाउंड्रीला आणि ड्रॉइंग देणाऱ्याला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

१. हे मॉडेल मशीनिंग झालेल्या पार्टचं आहे, कच्च्या कास्टिंगचं आहे की पॅटर्नचं?
२. श्रिंकेज (थंड होताना धातूचं आकुंचन) किती धरायचं आणि ते मॉडेलमध्ये आधीच दिलंय का?
३. पार्टिंग लाईन नक्की कुठे, आणि कोणते भाग लूज पीस (पॅटर्नचे सुटे निघणारे तुकडे) किंवा कोअरने (पोकळीसाठी साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याने) काढायचे?
४. टेपर (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) अधिक बाजूला द्यायचा की उणे बाजूला?

दुसऱ्या प्रश्नाने आमचा एक अख्खा पॅटर्न घालवला आहे. मॉडेलमध्ये १ टक्का आधीच दिलेला होता. फाइलच्या नावात तसं काही नव्हतं, आम्हीही विचारलं नाही आणि नेहमीसारखा १.०१ ने स्केल केला. १८०० चे १८१८ व्हायचे ते १८३६ झाले. चूक लक्षात आली ती मोल्डरने बॉक्समध्ये पॅटर्न ठेवून बघितला तेव्हा. तेव्हापासून ड्रॉइंगवरचं सगळ्यात मोठं माप आणि मॉडेलमधलं तेच माप शेजारी शेजारी लिहून, मॉडेलच्या मापाला ड्रॉइंगच्या मापाने भागूनच आम्ही पुढे जातो. उत्तर १ आलं तर श्रिंकेज द्यायचं बाकी आहे. १.०१ आलं तर दिलेलं आहे. तिसरंच काही आलं तर फोन करायचा.

ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, स्टीलला २ टक्के, अ‍ॅल्युमिनिअमला १.३ टक्के हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण मोठ्या कास्टिंगमध्ये आतला कोअर धातूला आकसू देत नाही, आणि प्रत्यक्षात आकुंचन कमी होतं. १ ऐवजी ०.८ टक्के निघालं तर १८०० मिमीवर ३.६ मिमीचा फरक पडतो. हा आकडा ज्या फाउंड्रीत ओतकाम होणार तिथल्या अनुभवी माणसाकडूनच घ्या.

टप्पा २: अलाउन्स, पण याच क्रमाने

पार्टवर आधी मशीनिंग अलाउन्स (कास्टिंगवरून नंतर कापून काढायचं मटेरियल), मग टेपर, मग फिलेट (कोपऱ्याची गोलाई), आणि सगळ्यात शेवटी पूर्ण मॉडेलला स्केल. स्केल आधी करून नंतर ५ मिमी अलाउन्स दिला तर त्या ५ मिमीवर श्रिंकेज मिळत नाही. तो फरक नगण्य आहे. खरी अडचण पुढे येते: मॉडेलमधली काही मापं स्केल झालेली आणि काही न झालेली अशी खिचडी होते आणि तपासणीच्या वेळी कुठलं माप कशाशी ताडायचं हेच कळत नाही.

कोअर प्रिंट (कोअर टेकायची जागा) आणि कोअर बॉक्स (कोअर बनवायचा साचा) दोन्ही त्याच आकड्याने स्केल करा. दोघांमधलं क्लिअरन्स मात्र स्केल झाल्यानंतर द्या.

टेपर हलक्यात घेऊ नका. ३१० मिमी उंचीवर १ अंश टेपर म्हणजे एका बाजूला ५.४ मिमी. दोन्ही बाजू धरल्या तर तळाच्या आणि माथ्याच्या रुंदीत जवळपास ११ मिमीचा फरक. बाहेरच्या भिंतींना १ अंश चालतो, आतल्या खोल खिशांना २ ते ३ लागतो. तिथे वाळू अडकून तुटते.

तपासा: आतल्या कोपऱ्यांचे फिलेट ६ मिमी त्रिज्येचे असतील तर १२ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचं टूल) तिथे जेमतेम बसतो आणि कोपऱ्यात थरथरतो. शक्य असेल तर फिलेट ८ ची करून घ्या. मोल्डरलाही ती आवडते.

आपल्या उदाहरणात वरचं माप अलाउन्स आणि टेपरसकट होतं, म्हणजे स्केलनंतर एक अर्धा १८१८ × ११११ × ३१३.१ मिमी. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यांवर.

टप्पा ३: थर पाडणे

बहुतेक जण इथे चुकतात, त्यामुळे इथे वेळ घालवा.

थराची जाडी शीटवरून ठरवू नका, मशीनखालच्या जागेवरून ठरवा. हिशेब असा:

थराची जाडी + नटाबाहेर आलेलं टूल + वरून सरकायला १० मिमी = नटाखालच्या जागेपेक्षा कमी.

भिंत पूर्ण उंचीने कापायची तर टूल थराच्या जाडीपेक्षा जास्त बाहेर हवं, नाहीतर नट घासतो. म्हणजे २०० मिमी जागेत थर ९० च्या आसपासच बसतो: ९० + ९५ + १० = १९५. ज्यांना १५० चा थर बसेल असं वाटतं, त्यांनी ही बेरीज केलेली नसते.

आता शीट मोजा. १८ मिमीचं एमडीएफ म्हणून आलेलं शीट १८ असेलच असं नाही. चारही कोपऱ्यांवर व्हर्निअर लावा. १७.७ निघालं तर पाच शीट मिळून ८८.५ होतात, आणि दोन्ही बाजू सपाट करायला थोडं मटेरियल जाणारच. म्हणून थर ८७ चा धरा. तीन थर ८७ चे म्हणजे २६१, आणि उरलेला ५२.१ चा, तीन शीटमधून. हा बारका थर पार्टिंग लाईनच्या बाजूला, फ्लँजमध्ये ठेवा.

सांधा उभ्या भिंतीवर यावा. उथळ, पसरट वळणावर सांधा आला की वरच्या थराची कड कागदासारखी पातळ होत जाते आणि एमडीएफ तिथे हमखास तुटतो. सांधा तिथे येत असेल तर थरांच्या जाड्या बदला, वळण पूर्ण एका थरात घ्या.

वजनाचाही विचार आत्ताच करा. एमडीएफची घनता साधारण ७५० किलो प्रति घनमीटर. आपला एक अर्धा भरीव केला तर साडेचारशे किलोच्या वर जातो, आणि एकच थर १३५ किलोच्या घरात. तो पलटताना हात चिमटला तर बोट जातं. म्हणून आतून पोकळ चौकट करा: कडेने १२० मिमी रुंद भिंत, दर २५० ते ३०० मिमीवर रिब (आधाराची पट्टी), आणि लांबीच्या मध्यरेषेवर ८० मिमीची एक सलग रिब. ही मधली रिब पुढे डॉवेलसाठी (थर जुळवायच्या पिनांसाठी) लागणार आहे. माथ्याचा थर अर्थातच वरून बंद राहील.

थांबा: शॉपमध्ये चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) आहे का? नसेल तर पलटायला चार माणसं कुठल्या वेळी असतील ते ठरवूनच दिवस आखा.

टप्पा ४: मशीन तपासणे

लहान कामात न दिसणारा तिरकेपणा मोठ्या कामात उघडा पडतो. बेडवरच्या एमडीएफवर १२०० × २४०० चा आयत धरून चार कोपऱ्यांत बारीक छिद्रं पाडा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही २६८३ मिमी यायला हवेत. आखूड बाजू १ मिमीने झुकलेली असेल तर कर्णांत जवळपास १.८ मिमीचा फरक दिसतो, म्हणजे साध्या टेपनेही चूक पकडता येते.

मग बेडवरचा एमडीएफ पूर्ण फेस करा, म्हणजे वरून कापून सपाट करा. पावसाळ्यात हे काम दर मोठ्या जॉबआधी करावं लागतं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरातली हवा इतकी ओली असते की महिन्याभरापूर्वी सपाट केलेला बोर्ड पुन्हा फुगलेला सापडतो.

टप्पा ५: चिकटवणे

शीट टिंबर मार्केटमधून आल्या आल्या कापू नका. तीन-चार दिवस शॉपमध्ये आडव्या, मध्ये पट्ट्या ठेवून राहू द्या. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या तर वाकतात, आणि वाकलेलं शीट चिकटवून सरळ होत नाही, आतला ताण कटर फिरल्यावर बाहेर येतो.

चौकटीच्या पट्ट्या विटांच्या बांधकामासारख्या लावा, एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या जोडावर येऊ नये. बाहेरचं माप १८५० × ११५० ठेवा, म्हणजे चारही बाजूंना १६ ते २० मिमी काढायला मिळतात. पाण्यात न सुटणारा फेविकॉल वापरा, दात असलेल्या पट्टीने पूर्ण पसरवा आणि दाब द्या. दाबाखाली रात्रभर, त्यानंतर उघड्यावर आणखी एक दिवस. गोंदातलं पाणी एमडीएफ फुगवतं. सकाळी चिकटवून संध्याकाळी फेस केलेला थर दोन दिवसांनी सांध्यांच्या रेषांवर खोलगट होतो.

थांबा: चिकटवताना खिळा किंवा स्क्रू मारला असेल तर दाब काढताना तो काढून टाका. एकही आत राहिला तर कार्बाइडचा तुकडा उडतो.

टप्पा ६: शून्य आणि डॉवेल

एक्स-वाय शून्य ठोकळ्याच्या कोपऱ्यावर धरू नका. तो कोपरा तुम्ही कापून टाकणार आहात. पॅटर्नचा मध्य हा शून्य आणि तो बेडवर कायम. सगळे थर त्याच शून्यावर.

झेड शून्य बेडवरच्या फेस केलेल्या पृष्ठभागावर धरा. वरच्या पृष्ठभागावर धरला तर प्रत्येक थरात शीटच्या जाडीची चूक मिसळत जाते आणि चार थरांनंतर ती मोजण्याइतकी होते.

थर दोन्ही बाजूंनी फेस करायचा म्हणजे पलटावा लागणार, आणि पलटलं की आरशासारखं उलटं होतं. ही चूक टाळायचा सोपा मार्ग असा:

१. दोन डॉवेल मध्यरेषेवर, म्हणजे वाय शून्यवर घ्या. एक एक्स उणे ७०० वर, दुसरा एक्स अधिक ६५० वर.
२. बेडवर याच दोन जागी १२ मिमीची छिद्रं पाडून पिना बसवायची सोय करा.
३. थर तळ वर करून ठेवा, फेस करा आणि त्याच दोन जागी ३० मिमी खोल छिद्रं पाडा.
४. बेडमध्ये पिना बसवा. थर लांबीच्या मध्यरेषेभोवती पलटा आणि पिनांवर बसवा.
५. वरची बाजू ८७ पर्यंत (बारका थर ५२.१ पर्यंत) फेस करा आणि पुन्हा त्याच दोन जागी ३० मिमी छिद्रं पाडा. माथ्याच्या थराला वरून छिद्रं नकोत.

पलटायची रेषा आणि डॉवेलची रेषा एकच असल्यामुळे आकडे उलटे करावे लागत नाहीत. आणि ७०० व ६५० वेगवेगळे असल्यामुळे थर उलट टोकाने बसूच शकत नाही. दोन्ही सारखे ठेवले तर कधीतरी घाईत तो उलटा बसतोच.

पकडण्यासाठी आतल्या पोकळीतून एल अँगल लावा, एक पाय रिबला, एक पाय बेडला. वर काहीच येत नाही, त्यामुळे फेसिंगला आणि बाहेरच्या भिंतीला अडथळा राहत नाही. माथ्याच्या थराला आत हात जात नाही. तिथे बाहेरून क्लॅम्प लावा, फेसिंगच्या वेळी ते दोन खेपांत हलवा, आणि बाहेरची भिंत कापताना तळाशी ८ ते १० टॅब (न कापलेले छोटे दुवे) सोडा.

टप्पा ७: हवेत चालवून बघणे

झेड शून्य १०० मिमी वर उचलून बाहेरची रेषा आणि सगळ्यात खोल खिसा एकदा हवेत चालवा. दहा मिनिटं लागतात. डोळे टूलकडे नकोत, नटाकडे, डस्ट पाईपकडे आणि वायरींकडे ठेवा. बेडच्या टोकाला गेल्यावर वायर ताणली जाते का ते फक्त इथेच कळतं. बघून झालं की शून्य परत खाली आणल्याची नोंद लिहूनच पुढे जा.

टप्पा ८: रफिंग

१२ मिमी, दोन धारांची कार्बाइड एंडमिल (सपाट टोकाचं टूल). १६,००० आरपीएम, दर धारेला ०.२ मिमी, म्हणजे फीड (टूल पुढे सरकायचा वेग) ६,४०० मिमी प्रति मिनिट. टूल जितकं कमी बाहेर तितकं बरं. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की टूल आठपट वाकतं. म्हणून वरचा अर्धा भाग ५० मिमी बाहेर ठेवलेल्या टूलने काढा, एका पासला १० मिमी खोल. नंतर टूल ९५ वर घ्या आणि पास ५-६ मिमीवर आणा. दोन प्रोग्राम करावे लागतात, पण भिंत सरळ येते.

टूल बदललं की झेड पुन्हा त्याच एका जागेवर घ्या. आम्ही बेडच्या कोपऱ्यावर एक स्टीलचा ठोकळा कायमचा बसवला आहे. त्यावर पातळ कागद ठेवून टूल खाली आणतो, कागद अडकतो पण फाटत नाही तिथे थांबतो.

फीड बरोबर आहे का ते भुशावरून कळतं. चिमटीत घ्या. रव्यासारखा लागला तर ठीक. मैद्यासारखा आणि गरम लागला तर टूल कापत नाही, घासतंय. फीड वाढवा किंवा आरपीएम कमी करा. करपलेला वास आला तर तिथेच थांबा आणि धूळ ओढणाऱ्या मशीनची पिशवी उघडून बघा, आत ठिणगी गेलेली असू शकते. एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट आहे. फडकं बांधून भागत नाही, एन९५ मास्क लावा.

सगळीकडे १.५ मिमी शिल्लक ठेवा. रफिंग झालेले थर एक रात्र तसेच राहू द्या. मधलं मटेरियल गेल्यावर ताण सुटतो आणि थर थोडा हलतो. सकाळी पिना काढून परत बसवा, सरळपट्टी लावा, हललेलं असेल ते या दीड मिलिमीटरमध्ये निघून जातं.

लाईट गेली तर: मे महिन्यात वळवाच्या पावसात हे ठरलेलंच. लाईट आल्यावर थेट पुढून चालू करू नका. होमिंग करा (मशीन मूळ जागेवर न्या), एक्स-वाय डॉवेलच्या छिद्रावर तपासा, झेड त्या स्टीलच्या ठोकळ्यावर तपासा, आणि जिथे थांबलं त्याच्या एक पास आधीपासून सुरू करा.

टप्पा ९: फिनिशिंग

पूर्ण पॅटर्नवर बॉलनोज फिरवणं हा वेळेचा सगळ्यात मोठा अपव्यय आहे. उभ्या भिंती एंडमिलने उंचीप्रमाणे पायऱ्या घेत कापा, सपाट भाग एंडमिलनेच, आणि बॉलनोज फक्त वळणं आणि फिलेटसाठी.

१२ मिमी बॉलनोजला स्टेपओव्हर (शेजारच्या दोन चालींमधलं अंतर) १ मिमी दिला तर उरणारी धार ०.०२ मिमीची असते, २ मिमी दिला तर ०.०८. पुट्टी आणि रंगाखाली दोन्ही जातात. वेळ मात्र दुप्पट होतो: एका चौरस मीटरला १ मिमीने १००० मीटर चाल, ४,००० मिमी प्रति मिनिटाने चार तास दहा मिनिटं. २ मिमीने दोन तास पाच मिनिटं.

माथ्याच्या थरासकट सगळे थर सुटे असतानाच फिनिश करा. सांध्याजवळच्या कडेला हात लावू नका, सँडपेपरही नाही. ती कड पुढच्या तपासणीसाठी लागते.

टप्पा १०: जुळवणे, मोजणे, रंग

आधी गोंदाशिवाय सगळे थर पिनांवर रचा. सांध्यावरून नख फिरवा. ०.२-०.३ ची पायरी नखाला लागते, ती पुट्टीत जाते. त्याहून जास्त असेल तर गोंद लावू नका, चूक कुठल्या थरात आहे ते शोधा. बहुतेक वेळा डॉवेलच्या छिद्रात भुसा राहिलेला असतो आणि थर पूर्ण टेकलेला नसतो.

मग गोंद, दाब, एक दिवस. त्यानंतर मोजमाप, तेही स्केल केलेल्या ड्रॉइंगशी. मूळ ड्रॉइंग त्या वेळी टेबलावर नकोच. लांबी आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण, उंची हाईट गेजने, आणि टेपर गुण्या लावून चारही बाजूंनी. टेपर उलटा गेलेला एक कोपरासुद्धा मोल्ड फाडतो. दोन्ही अर्धे पार्टिंगवर एकत्र आणून त्यांचे डॉवेल यानंतर बसवा, आधी नाही.

सीलर, पुट्टी, घासणं, पुन्हा सीलर, मग रंग. एमडीएफच्या कापलेल्या कडा सीलर पितात, तिथे एक हात जास्त द्या, आणि तळाला व आतल्या पोकळीलाही द्या. पोकळी कोरी सोडलेला पॅटर्न फाउंड्रीच्या दमट शेडमध्ये एका पावसाळ्यात पिळतो.

उचलण्यासाठीच्या लोखंडी पट्ट्या आतून रिबला बोल्टने बसवा. नुसत्या एमडीएफमध्ये मारलेला स्क्रू क्रेनने उचलताना उपटून येतो.

पहिलं कास्टिंग निघालं की टेप घेऊन स्वतः फाउंड्रीत जा. लांबी, रुंदी, उंची मोजा, पॅटर्नच्या मापाशी ताडा आणि तिन्ही दिशांचं खरं आकुंचन पॅटर्नच्या आतल्या रिबवर ऑइल पेंटने लिहून ठेवा, तारखेसह.